फ्यूज कशानं उडाला?

दुरुस्तीवाल्या काकांनी फ्यूज चिमट्यात धरला, खिडकीच्या उजेडात नेला आणि डोळ्याला भिंग लावून बराच वेळ पाहत राहिले. वीस मिलिमीटर लांब, पाच मिलिमीटर जाड अशी काचेची नळी, दोन्ही टोकांना धातूच्या टोप्या. आतली तार कुठंच दिसत नव्हती. सगळी काच आतून काळवंडली होती आणि त्या काळ्यावर पाऱ्यासारखी चंदेरी झाक होती.

"ताई, हा थकून गेलेला नाही. एका फटक्यात गेलाय," ते म्हणाले. "आता कशानं गेला ते बघू."

फ्यूजची काच वाचता येते हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. वर्षानुवर्षं तापून-निवून तार म्हातारी झाली, तर ती मध्येच अलगद तुटते आणि काच स्वच्छ राहते. असा फ्यूज बदलला की काम भागतं. थोडा जास्त प्रवाह बराच वेळ वाहिला, तर तार वितळते आणि तुटलेल्या टोकांना बारीक मणी दिसतात. आणि पुढं कुठं थेट शॉर्ट असेल, तर तारेला वितळायलाही उसंत मिळत नाही. तिची वाफ होते आणि काचेला आतून चिकटते. माझ्या अ‍ॅम्प्लिफायरच्या फ्यूजचं तेच झालं होतं.

यंदाच्या श्रावणातली गोष्ट. संध्याकाळी पाऊस सुरू होता, लाइट गेले, वीस मिनिटांनी आले. फ्रिज सुरू झाला, पंखा फिरला, अ‍ॅम्प्लिफायरचा दिवा मात्र लागला नाही. बटण दाबलं तरी काही नाही. एरवी बटण दाबल्यावर ट्रान्सफॉर्मरची एक बारीक घूं ऐकू येते आणि चारेक सेकंदांनी आतून 'टक्' असा आवाज येतो. त्यातलं काहीच आलं नाही.

हा अ‍ॅम्प्लिफायर मी पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी घेतला, त्याला सोळा वर्षं झाली. जपानी बनावटीचा, सत्तरच्या दशकाच्या शेवटचा, चॅनलमागे चाळीस वॉटचा. अ‍ॅल्युमिनियमचा दर्शनी भाग, लाकडी पेटी, आणि दोन्ही हातांनी उचलावं लागेल असं वजन. किशोरीताई आमोणकरांची एका बाजूला भूप आणि दुसऱ्या बाजूला बागेश्री असलेली रेकॉर्ड आमच्या घरी ह्याच्यावर इतक्या वेळा वाजली आहे की, घरातल्या लहान मुलीला गाण्याआधीची सुईची खरखरही पाठ आहे. म्हणून हा बंद पडला तेव्हा 'नवीन घेऊन टाक' हा सल्ला मला पटला नाही. स्वस्तातला ब्लूटूथ स्पीकर दोन हजारांत येतो, हे मलाही माहीत आहे.

त्याच रात्री ओळखीच्या एका वायरमननं मागचा फ्यूज काढून दुसरा घातला. बटण दाबताच 'फट्' झालं आणि तोही गेला. "जाड तार टाकून देतो, चालेल," तो म्हणाला. मी नको म्हटलं. तेव्हा ते केवळ भीतीपोटी होतं. त्या नकारानं काय वाचलं, ते चार दिवसांनी समजलं.

काकांचं दुकान बुधवार पेठेत, तपकीर गल्लीपासून चार-पाच मिनिटांवर, एका जुन्या वाड्याच्या जिन्याखाली आहे. पाटी नाही. तपकीर गल्लीतल्या दुकानदारांना विचारलं की ते हात करून दाखवतात. मुंबईकरांना लॅमिंग्टन रोड, तशी पुणेकरांना ही गल्ली: रेझिस्टर, डायोड, वायर, कनेक्टर, स्पीकर, मीटर, सगळं सुटं आणि मोजून मिळणारं. काका इथं चाळीस वर्षं दुरुस्ती करतात. त्यांनी माझं नाव विचारण्याआधी यंत्राची हकिकत विचारली. कधी बंद पडला? तेव्हा गाणं चालू होतं का? आवाज आधी फाटत होता का? जळका वास आला का? बंद पडताना 'फट्' झालं की गुपचूप गेला? गेल्या महिन्या-दोन महिन्यांत काही वेगळं जाणवलं?

शेवटच्या प्रश्नावर मी 'नाही' म्हटलं. मग आठवलं. पेटीवरची धूळ पुसताना उजव्या बाजूचं लाकूड डावीपेक्षा जास्त गरम लागायचं. महिनाभर तरी. पावसाळ्यात घरातलं काय काय दमट-गरम लागत असतं, म्हणून मी तिकडं लक्ष दिलं नव्हतं. काकांनी मान हलवली आणि समोरच्या वहीत लिहिलं: 'उजवा, गरम.'

'बंद पडला' ह्या दोन शब्दांत किती वेगवेगळे आजार असतात, हे त्यांनी काम करता करता सांगितलं. दिवा लागतो, पण आवाज नाही, तो एक प्रकार. तिथं बहुतेक वेळा प्रोटेक्शन सर्किट आपलं काम करत असतं. आउटपुटला डीसी व्होल्टेज आलं की ते रिले जोडतच नाही, कारण जोडला तर स्पीकरची कॉइल जळेल. लाल स्टँडबाय दिवा लागतो, पण बटण दाबून यंत्र उठत नाही, तो दुसरा प्रकार, नव्या रिमोटवाल्या यंत्रांमधला. आणि काहीच लागत नाही तो तिसरा. त्याला गल्लीत 'डेड' म्हणतात. ऐकायला सगळ्यात वाईट, पण काकांच्या मते शोधायला सगळ्यात सरळ. वीज भिंतीतून निघाली आणि कुठंतरी थांबली, एवढंच. भिंतीपासून निघायचं आणि ती थांबली तिथपर्यंत चालत जायचं.

घरच्या घरी करता येण्यासारखी ह्या वाटेवरची पहिली पावलं आहेत, आणि लोक ती वगळून थेट दुकान गाठतात. त्याच सॉकेटमध्ये टेबललॅम्प लावून बघणं. एक्स्टेंशन बोर्ड काढून थेट भिंतीत पिन लावणं. पिन सैल आहे का, वायर मुळाशी मोडली आहे का ते पाहणं. मागं व्होल्टेज सिलेक्टर असेल तर तो कुठं आहे हे वाचणं. आपल्याकडं २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. अमेरिकेत १२०, जपानात १००. बोस्टन किंवा न्यू जर्सीतलं घर आवरून परत आलेल्या मंडळींचे अ‍ॅम्प्लिफायर काकांकडं दर वर्षी येतात. कंटेनरमधून सुखरूप आलेलं यंत्र पुण्याच्या भिंतीत लावताक्षणी जातं. दुप्पट व्होल्टेजनं ट्रान्सफॉर्मरचा गाभा चुंबकत्वानं तुडुंब भरतो, प्रवाह बेसुमार वाढतो आणि फ्यूज उडतो. नशीब चांगलं असेल तर एवढ्यावर निभावतं. नसेल तर ट्रान्सफॉर्मरच्या गुंडाळीत दडवलेला थर्मल फ्यूज जातो. तो बाहेरून दिसत नाही, पुन्हा जुळत नाही, आणि मीटर लावला की प्रायमरी नुसती ओपन दाखवते. असे ट्रान्सफॉर्मर भंगारात जातात. खरं तर वरचा कागद सावकाश सोडवून तो फ्यूज काही वेळा बदलता येतो, मात्र तितक्याच तापमानाचा, आणि ज्याला हे काम येतं त्यानंच.

पेटी उघडण्याचं काम मात्र घरी करू नये, हे काकांनी मला तीनदा सांगितलं आणि मीही इथं तसंच सांगते. पिन काढली म्हणजे यंत्र मोकळं झालं असं नसतं. फिल्टर कंडेन्सर भरलेले राहतात. मोठ्या अ‍ॅम्प्लिफायरमधला दहा हजार मायक्रोफॅरडचा कंडेन्सर सत्तर व्होल्टला भरलेला असेल, तर त्यात साडेचोवीस ज्यूल ऊर्जा असते. एक किलोचं माप अडीच मीटरवरून पायावर पडलं तर जेवढा दणका बसेल, तेवढी. कारागीर मंडळी स्क्रूड्रायव्हर आडवा लावून ती उडवतात, ठिणगी पडते, पात्याला खड्डा पडतो, कंडेन्सरचंही आतून नुकसान होतं. काकांकडं त्यासाठी दोन क्लिपांमध्ये डाख दिलेला २२० ओहमचा, दहा वॉटचा एक पांढरा रेझिस्टर आहे. तो लावून दहा सेकंद थांबायचं, मग मीटरनं शून्य आलं का ते पाहायचं, आणि मगच हात घालायचा. हे थांबणं त्यांनी चार दिवसांत एकदाही चुकवलं नाही.

पेटी उघडल्यावर पहिली गोष्ट सापडली ती मला अजून डोळ्यांसमोर दिसते. मुख्य बोर्डावर आणखी दोन फ्यूज होते, सप्लायच्या अधिक आणि उणे बाजूला एकेक. ते दोन्ही चकचकीत होते. काकांनी चिमट्यानं एकाचं टोक उचललं तर सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद सुटून आला. आधीच्या कुण्या दुरुस्तीत फ्यूज उडाले असतील, जवळ नवे नसतील, म्हणून कुणीतरी त्यांच्यावर कागद गुंडाळून दिला होता. तो कोण, कधी, कुठल्या गावी, ते आता कळायचं नाही. सोळा वर्षं मी त्या कागदावर गाणी ऐकत होते.

कागदाच्या खाली बोर्डाचा प्रिंट, म्हणजे तांब्याची वाट, तपकिरी पडली होती. एका जागी फुगून सुटली होती. "फ्यूज ट्रान्झिस्टरला वाचवत नाही," काका म्हणाले. "ट्रान्झिस्टर आधी जातो, फ्यूज मागून. फ्यूज घराला वाचवतो. हे दोन इथं नव्हतेच. म्हणून सगळा भार मागच्या एकट्या फ्यूजवर आला. तिथं वायरमननं जाड तार टाकली असती तर?" त्यांनी ट्रान्सफॉर्मरवर बोट ठेवलं. मग लाकडी पेटीवर.

दुसऱ्या दिवशी सिरीज बोर्ड निघाला. मला वाटतं, दुरुस्तीच्या धंद्यातलं इतकं साधं आणि इतकं शहाणं उपकरण दुसरं नसेल. एक बल्ब होल्डर, एक सॉकेट, दोन्ही एकामागे एक जोडलेले. यंत्राला वीज मिळते ती बल्बमधून. बल्ब हवा जुना, तारेचा, शंभर वॉटचा. एलईडी इथं कामाचा नाही. तारेचे बल्ब आता सहज मिळत नाहीत, म्हणून काकांनी एक पेटीभर जमवून ठेवले आहेत. ह्या बल्बची गंमत त्याच्या तारेत आहे. पूर्ण पेटलेला असताना तिचा रोध सुमारे ५२९ ओहम असतो, थंड असताना त्याचा साधारण दहावा हिस्सा. यंत्र निरोगी असेल तर प्रवाह कमी, तार थंड, बल्ब मंद, आणि यंत्राला जवळजवळ पूर्ण व्होल्टेज मिळतं. यंत्रात शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो आणि अर्ध्या अँपिअरपेक्षाही कमी प्रवाह पुढं जाऊ देतो. फ्यूज उडत नाही, काही जळत नाही, आणि शॉर्ट आहे की नाही हे उजेडानं कळतं.

नवा फ्यूज घातला. काकांनी एक हात पाठीमागं नेला, दुसऱ्यानं बटण दाबलं. (दोन्ही हात यंत्रात नसावेत, म्हणजे चुकून धक्का बसला तरी वीज एका हातातून छातीवाटे दुसऱ्या हातात जात नाही.) बल्ब लख्ख पेटला आणि तसाच राहिला. जिन्याखालची ती काळोखी जागा पिवळ्या उजेडानं भरून गेली.

मग सुरू झाली कापाकापी. बंद करायचं, कंडेन्सर रिकामे करायचे, एक जोड सोडवायचा, पुन्हा चालू करायचं. दोन्ही चॅनलकडं जाणाऱ्या सप्लायच्या वायरी सोडवल्या. ह्या वेळी बल्ब क्षणभर उजळला, कंडेन्सर भरले आणि तो मंद झाला. म्हणजे वायर, बटण, ट्रान्सफॉर्मर, चार डायोडांचा ब्रिज, फिल्टर, सगळं ठीक. मीटरवर अधिक ३५ आणि उणे ३५ व्होल्ट. सेकंडरीला २५ व्होल्ट एसी आहे, त्याला १.४१४ नं गुणलं की हाच आकडा येतो. डावा चॅनल जोडला: बल्ब मंदच. उजवा जोडला: लख्ख.

'उजवा, गरम.' वहीतली ओळ त्यांनी मला दाखवली नाही. मला ती दिसली.

उजव्या हीटसिंकवर दोन पॉवर ट्रान्झिस्टर होते, जुन्या पद्धतीचे, धातूच्या टोपणाचे. मीटर डायोडवर ठेवून निरोगी ट्रान्झिस्टर तपासला तर बेस-एमिटरमध्ये ०.६ च्या आसपास आकडा येतो आणि कलेक्टर-एमिटर दोन्ही दिशांनी बंद. इथं दोघांच्याही कुठल्याही दोन पायांवर ०.००० आणि 'टीं' असा अखंड आवाज. आत सिलिकॉन वितळून एकजीव झालं होतं. त्यांना चालवणारे दोन लहान ड्रायव्हरही गेले होते.

बहुतेक दुकानांत गोष्ट इथं संपते. चार ट्रान्झिस्टर बदलायचे, फ्यूज बदलायचा, गिऱ्हाइकाला फोन. काकांनी सोल्डरिंग आयर्न बाजूला ठेवला आणि म्हणाले, "हे चार मेले. पण मारलं कुणी?"

मी विजेचं नाव घेतलं. लाइट आले तेव्हाच तर गेला. त्यांना ते पुरेसं वाटलं नाही. त्याच झटक्यात डावा चॅनल वाचला होता, घरातला फ्रिज वाचला होता. आणि उजवी बाजू महिनाभर गरम लागत होती, ती लाइट जाण्याच्या कितीतरी आधीपासून. लाइट हे निमित्त. कारण दुसरीकडं.

सापडलं ते तिसऱ्या दिवशी, वाटाण्याएवढ्या एका प्रीसेटमध्ये. प्रीसेट म्हणजे स्क्रूड्रायव्हरनं फिरवून एकदा लावून ठेवायचा छोटा व्हेरिएबल रेझिस्टर. आत कार्बनचा एक गोल पट्टा, त्याच्यावर टेकलेली पत्र्याची एक जीभ. आउटपुटच्या ट्रान्झिस्टरांनी गाणं नसतानाही जरा जागं राहावं, म्हणून त्यांच्यातून थोडा प्रवाह सतत सोडलेला असतो. त्याला बायस म्हणतात. तो नसेल तर हळू आवाजातले स्वर चरचरीत होतात. हा प्रवाह किती, ते प्रीसेट ठरवतो. काकांनी काट्याचा जुना मीटर काढला. आकड्यांचा मीटर इथं फसवतो, काट्याचा हलताना दिसतो. प्रीसेट सावकाश फिरवला. काटा एका चालीनं सरकत गेला, आणि एका जागी टुणकन उडी मारून थेट टोकाला, अनंताला जाऊन टेकला. पुन्हा खाली आला. पुन्हा फिरवला, त्याच जागी पुन्हा उडी.

पंचेचाळीस वर्षांचा गंज, धूळ, पुण्याचे पावसाळे. जीभ त्या एका जागी पट्ट्यावरून उचलली जात होती. ह्या सर्किटमध्ये जीभ सुटली की बायस कमी होत नाही, उलट जेवढा जास्त असू शकतो तेवढा होतो. ट्रान्झिस्टर तापतात. सिलिकॉन तापलं की बेस-एमिटरला लागणारं व्होल्टेज दर अंश सेल्सिअसला सुमारे दोन मिलिव्होल्टनं उतरतं, म्हणजे त्याच व्होल्टेजला प्रवाह आणखी वाढतो, म्हणजे ट्रान्झिस्टर आणखी तापतो. आपल्याच उष्णतेत ते जळून जातात. महिनाभर ही जीभ कधी टेकत होती, कधी सुटत होती. लाकूड गरम लागत होतं ते त्यामुळं.

नुसते ट्रान्झिस्टर बदलले असते तर पंधरा दिवसांत, फार तर महिन्यात, तेच पुन्हा झालं असतं. हे वाक्य काकांनी उच्चारलं नाही. मीच घरी जाताना अप्पा बळवंत चौकाच्या गर्दीत उभी राहून विचार केला की किती अ‍ॅम्प्लिफायर असे दोनदा, तीनदा दुरुस्त होऊन शेवटी भंगारवाल्याला दिले गेले असतील, आणि त्यांच्यात जेमतेम काही रुपयांचा एक प्रीसेट तेवढा खराब असेल.

नवे ट्रान्झिस्टर आणणं सोपं नाही. मूळ जपानी नंबर केव्हाच बंद झाले. काकांनी बदली म्हणून एमजे १५००३ आणि एमजे १५००४ ही जोडी निवडली. १४० व्होल्ट, २० अँपिअर, २५० वॉट. आपल्या कामाला गरजेपेक्षा भक्कम. पण ह्या नंबरांची नक्कल बाजारात फिरते. तशीच २एन३०५५ ह्या नंबरचीही. हा ट्रान्झिस्टर अमेरिकेच्या आरसीए कंपनीनं साठच्या दशकात आणला, आणि त्यानंतर कित्येक वर्षं भारतातल्या लाऊडस्पीकरवाल्यांपासून इंजिनिअरिंगच्या मुलांच्या प्रोजेक्टपर्यंत सगळ्यांच्या हातात तोच होता. काकांच्या खणात दोन २एन३०५५ आहेत, टोपण कापून उघडलेले. एक खरा, एक नकली. बाहेरून दोन्ही सारखे, छापही सारखा. आत खऱ्यात मसुराच्या डाळीएवढी सिलिकॉनची चकती, तांब्याच्या जाड ठोकळ्यावर बसवलेली. नकलीत तिळाएवढी, नुसत्या पत्र्यावर. पाच वॉटला दोन्ही गातात. आवाज वाढवला की तीळ फुटतो. नव्या गिऱ्हाइकानं 'तुमच्याकडं पार्ट महाग का' असं विचारलं की काका काही न बोलता हा खण उघडतात.

ट्रान्झिस्टर हीटसिंकवर बसवताना मधे अभ्रकाचा एक पातळ, पारदर्शक पत्रा येतो. टोपणाला वीज असते, हीटसिंकला ती लागता कामा नये, पण उष्णता मात्र पलीकडं गेली पाहिजे. दोन्ही गोष्टी एकदम करणारा हा दगड झारखंडातल्या कोडरमाच्या बाजूला पिढ्यान्‌पिढ्या काढला गेला आणि जगभरच्या रेडिओंत जाऊन बसला. काकांनी जुना अभ्रक उजेडात धरून पाहिला, एका कोपऱ्यात केसाएवढी चीर होती, म्हणून टाकला. नवा घेतला, दोन्ही बाजूंना पांढरी पेस्ट अगदी पातळ पसरली आणि स्क्रू आवळायच्या आधी मीटर लावून पाहिलं. मग आवळले आणि पुन्हा मीटर लावला.

ह्या चार दिवसांत माझ्या बाजूच्या स्टुलावर बाकीची गिऱ्हाइकंही येऊन बसली. एका मंडळाचा पीए अ‍ॅम्प्लिफायर, गणपतीच्या तोंडावर काढला तर बंद. उघडल्यावर प्रायमरीच्या दोन टोकांमध्ये आडवी पडलेली, वाळून कोळ झालेली पाल. रत्नागिरीकडून आलेलं एक यंत्र, त्यात खाऱ्या वाऱ्यानं हिरवी पडलेली कनेक्टरची प्रत्येक पिन. एका सोसायटीतले तीन वेगवेगळ्या घरांतले टीव्ही आणि एक होम थिएटर, सगळे एकाच दुपारी गेलेले. ते ऐकताच काकांनी पेटी न उघडता निदान केलं: खाली मीटररूममध्ये न्यूट्रल तुटला. तीन फेजच्या जोडणीत न्यूट्रल सुटला की काही घरांना २३० च्या जागी चारशेच्या आसपास व्होल्टेज पोचू शकतं. होम थिएटरमधला व्हॅरिस्टर फुटून स्वतः मेला होता आणि बाकी बोर्ड वाचला होता. तीन टीव्हींचं नशीब तसं नव्हतं.

आणि एक नवा, काळा, रिमोटवाला अ‍ॅम्प्लिफायर. लाल दिवाही नाही. ह्यात बटण वीज तोडत नाही. एक लहानसा स्टँडबाय सप्लाय कायम जागा असतो आणि तोच मोठ्या ट्रान्सफॉर्मरचा रिले ओढतो. काही यंत्रांत हा लहान सप्लाय थेट एका कंडेन्सरमधून वीज घेतो. ०.३३ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर २३० व्होल्टला सुमारे २४ मिलिअँपिअर देतो, तेवढ्यात भागतं. पण वर्षानुवर्षं भिंतीतल्या झटक्यांनी त्याची आतली पत्री झिजत जाते आणि एक दिवस रिले ओढण्याइतकं बळ उरत नाही. यंत्र पूर्ण निरोगी, एक कंडेन्सर अशक्त. काकांनी काढून मोजला तर ०.१ सुद्धा भरला नाही. तशाच मापाचा, भिंतीच्या विजेवर चालण्यासाठीच बनवलेला एक्स-२ वर्गातला नवा घातला, आणि अर्ध्या तासात यंत्र चालू झालं. त्याचे मालक ते ई-कचऱ्यात द्यायला निघाले होते. वाटेत सहज म्हणून आले.

इथं एक गोष्ट मला ठामपणे लिहायची आहे. माझ्या जुन्या जपानी यंत्राचं सर्व्हिस मॅन्युअल आजही मिळतं. त्यात पूर्ण सर्किट आहे, कुठल्या बिंदूला किती व्होल्ट हवेत तेही छापलेलं आहे. म्हणून काका त्याच्याशी बोलू शकले. नव्या यंत्रांचे असे कागद दुरुस्तीवाल्याच्या हाती क्वचितच पडतात. ते काळं यंत्र काकांनी केवळ अनुभवावर वाचवलं. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानं जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याचं पोर्टलही सुरू केलं. शेतीची अवजारं, मोबाइल-इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहनं अशी चार क्षेत्रं त्यात घेतली. ते योग्यच झालं. पण जिन्याखालच्या ह्या टेबलावर सर्किटचा कागद येऊन पडेपर्यंत तो हक्क माझ्या लेखी अर्धाच आहे. मॅन्युअल द्यायला कंपनीला फारसा खर्च येत नाही. न दिल्याचा खर्च मात्र गिऱ्हाईक भरतं, आणि कचरा आपल्या गावांच्या वेशीवर साठतो.

चौथ्या दिवशी प्रीसेट बसला, दोन्ही चॅनलमध्ये नवा. डावा अजून ठीक होता, पण वय तेवढंच. सुटलेल्या प्रिंटच्या जागी जाड तांब्याची तार डाख देऊन बसवली. बोर्डावर मोजून, छापलेल्या आकड्याचेच दोन फ्यूज. सिरीज बोर्डवर लावला: बल्ब उजळला, मंद झाला. काकांनी दोन बोटं ओठांवर ठेवली. एक, दोन, तीन, चार. 'टक्.'

महिनाभरात मी इतका चांगला आवाज ऐकला नव्हता.

मग थेट भिंतीत. स्पीकरच्या टोकांवर डीसी १२ मिलिव्होल्ट. पन्नासच्या आत असलं की ठीक. बायस लावायला तासभर गेला, कारण यंत्र तापत जातं तसा आकडा हलतो, आणि तो स्थिरावेपर्यंत काका उठत नाहीत. दोन एमिटर रेझिस्टर मिळून ०.४४ ओहम, त्यांच्यावर १८ मिलिव्होल्ट, म्हणजे सुमारे ४० मिलिअँपिअर. दोन्ही बाजूंना सारखा. त्यांनी माझा हात धरून आधी डाव्या हीटसिंकवर ठेवला, मग उजव्या. कोमट आणि कोमट.

मी पिशवी पुढं केली. "आज नाही. रात्रभर चालू दे," ते म्हणाले. दुकानातल्या दोन जुन्या स्पीकरांवर त्यांनी आकाशवाणी लावून ठेवलं आणि शटर अर्धं ओढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेले तेव्हा पेटीचं झाकण उलटं ठेवून काका त्याच्या आतल्या बाजूला शिसपेन्सिलीनं काहीतरी लिहीत होते. अक्षर बारीक, शाळेतल्या फळ्यासारखं सरळ. तारीख. 'उजवा आउटपुट व ड्रायव्हर बदलले. दोन्ही प्रीसेट नवे. जुना उजवा प्रीसेट ओपन होत होता. बायस ४० एमए. बोर्डावरचे फ्यूज मापाचेच घालावेत.'

"हे कुणासाठी?" मी विचारलं.

"पुढच्या वेळी जो उघडेल त्याच्यासाठी. मी असेन, नाहीतर दुसरा कुणी असेल," ते म्हणाले, आणि झाकण पालथं करून स्क्रू लावायला घेतले. आठ जागा होत्या, स्क्रू सात. आठवा त्यांनी डब्यात शोधून, आटे जुळतात का ते दोनदा फिरवून पाहून लावला.